हिमालयातलं पामतेल

महाराष्ट्राचा अधिवास दाखला हवा असेल तर माणसाला इथे 15 वर्षं राहिल्याचे पुरावे द्यावे लागतात. रेशनकार्ड, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला. शिवाय सेतू केंद्रात ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. तोच माणूस पामतेल म्हणून जन्माला आला असता तर अधिवास एका रिफायनरीत उरकला असता.

पामचं झाड विषुववृत्ताजवळच्या दमट उष्णतेत वाढतं. त्याच्या तेलासाठी जग इंडोनेशिया आणि मलेशियाकडे जातं. तरीही 2019-20 मध्ये नेपाळच्या निर्यातीत पहिला नंबर पामतेलानं पटकावला. ही हिमालयाची कृपा नव्हे, साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराची आहे. दक्षिण आशियातल्या गरीब शेजाऱ्यांचा माल भारतात शुल्काशिवाय येऊ शकतो, अट एवढीच की तो त्यांचा हवा. मग कच्चं तेल कोलकाता-हल्दियाच्या बंदरात उतरतं, भारताच्याच रस्त्यांनी नेपाळात जातं, तिथे शुद्ध होतं आणि नेपाळी होऊन परत भारतात येतं. दोन्ही वेळा आपण त्याला वाट करून देतो. जाताना ते परदेशी असतं, येताना शेजारधर्म.

मुक्त व्यापार करारातली खरी गंमत ही आहे. दोन देश एकमेकांना शुल्कात सूट देतात, ती बाकीच्यांना नसते. म्हणून सीमाशुल्क अधिकाऱ्याला प्रत्येक पिंपाला विचारावं लागतं, ‘काय रे, तू मूळचा कुठला?’ पिंप दाखला दाखवतं. आपल्या बऱ्याच करारांत किमतीत साधारण तिसऱ्या हिश्श्याची भर त्या देशात पडली आणि मालाचा वर्ग बदलला की मूळ गाव बदलतं.

श्रीलंकेनं हे आपल्याला फार आधी शिकवलं होतं. 2000 साली करार लागू झाला आणि श्रीलंकेला अचानक वनस्पती तुपाची उपजत प्रतिभा लाभली. पामतेलावर तिथे शुल्क कमी, भारतात जबर. तेल तिथे आणायचं, तूप करायचं, इकडे पाठवायचं. यातले बरेच कारखाने भारतीयांनीच तिथे जाऊन काढले होते. आपणच आपल्याला माल विकायचा आणि मध्ये समुद्र ठेवायचा, म्हणजे तो आंतरराष्ट्रीय व्यापार ठरतो. शेवटी भारतानं वर्षाला अडीच लाख टनांचा कोटा लावला आणि ती प्रतिभा ओसरली.

दुबईच्या सोन्यानं मात्र सगळ्यांवर कडी केली. मिश्रधातूत 2 टक्के किंवा जास्त प्लॅटिनम असेल तर तो प्लॅटिनमचा मिश्रधातू धरावा, असा सीमाशुल्काचा जगभरचा नियम आहे. उरलेलं काय आहे, याची चौकशी नियम करत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार मे 2022 मध्ये लागू झाला. त्यात प्लॅटिनमला सवलत होती आणि सोन्याला इथे भारी शुल्क. पुढचं गणित झवेरी बाजारात कोणालाही शिकवावं लागत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक सोनं असलेल्या विटा प्लॅटिनम म्हणून आल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात 99 टक्के शुद्ध प्लॅटिनमसाठी वेगळा सांकेतिक क्रमांक काढावा लागला. तोवर प्लॅटिनमनं सोन्याला पदराखाली घेऊन व्यवस्थित सीमा पार करून दिली होती.

सुपारीचं प्रकरण तर नागपूरपर्यंत पोचलं. बाहेरच्या सुपारीवर 100 टक्के शुल्क. आरोप असा, की इंडोनेशियाची सुपारी शेजारी देशांचे खोटे दाखले घेऊन आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गाजलेली ही सुपारी पुढे सीबीआयच्या अडकित्त्यात गेली.

जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञानं 1950 सालीच सांगितलं होतं, की असे करार कधी नवा व्यापार घडवतात, तर कधी असलेलाच दुसऱ्या वाटेनं वळवतात. मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवतींनी 1995 मध्ये करारांच्या या गुंत्याला स्पॅघेटीचा वाडगा म्हटलं. शुल्क सगळ्या देशांना सारखंच कमी करा, म्हणजे दाखल्यांची भानगडच उरणार नाही, हे त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. पण सगळ्यांना सारखी सूट दिली तर सह्यांच्या वेळी फोटो कोणाबरोबर काढायचा? शिवाय वळवलेल्या व्यापाराचा आलेख छान चढतो. तेच तेल एकदा नेपाळच्या आयातीत मोजता येतं, एकदा निर्यातीत, आणि भाषणात दोन्ही मिळून.

सरकार झोपलेलं नाही. सप्टेंबर 2020 पासून आयातदारानं आपला माल कुठे, कसा, किती भर पडून तयार झाला याची माहिती जवळ बाळगायची आणि कागद पाच वर्षं जपायचे, असा नियम आहे. कागदांमुळेच झालेल्या आजारावर कागदाचाच काढा.

मग सप्टेंबर 2024 आला. सोयाबीनचे भाव पडले होते, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. शेतकऱ्याला आधार म्हणून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के आणि शुद्ध तेलावर साडेबत्तीस टक्के मूळ आयातशुल्क लावलं. भिंत उंच झाली तसा शेजारच्या फाटकाचा भाव वधारला. नेपाळमधून सोयाबीन तेलाचे टँकर जोरात सुरू झाले, बिनशुल्क आणि दाखल्यासकट.

इकडे लातूरचा शेतकरी सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर उभा होता. हमीभाव 4892 रुपये, बाजारात त्याहून कमी. त्याच्या मालाच्या मूळ गावाबद्दल कोणालाच शंका नव्हती, सातबारा खिशात होता. केंद्रावरच्या माणसानं ओलावा मोजायचं यंत्र लावलं आणि 12 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला म्हणून पोती परत पाठवली. नोव्हेंबरात ती मर्यादा 15 वर नेली, तोवर बऱ्याच जणांनी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला माल घातला होता.