डिकीतला संसार

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरातली गॅसची शेगडी सोडून बाकी कुठलीही वस्तू गाडीच्या डिकीत सापडू शकते. सतरंजी तर कायमची तिथेच मुक्कामाला असते. तिच्या खालोखाल पाण्याची कळशी, जुनी वर्तमानपत्रं, कोंडाजीच्या चिवड्याचा रिकामा डबा (भरलेला कधीच सापडत नाही), आणि देव्हाऱ्यातलं निरांजन. निरांजन अशासाठी की आमच्याकडे सहल आणि वाढदिवस या दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत, आणि औक्षण केल्याशिवाय आई कुणाला वयानं वाढू देत नाही.

याला थोडं नाशिकचं हवामानही जबाबदार आहे. आमच्याकडे वसंत फार कमी दिवस टिकतो. निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आतल्या पानात गेला की थंडी संपली, आणि कूलरचं गवत बदलणारा माणूस गल्लीत ओरडत आला की उन्हाळा लागला. मधे उरतात ते सात-आठ आठवडे. आमच्या घराण्यानं कुठल्याशा दूरदृष्टीनं आपले सगळे वाढदिवस याच आठवड्यांत बसवले आहेत. लेक २७ फेब्रुवारीची, ताई मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली, बाबा रंगपंचमीचे आणि मी ३१ मार्चचा. बायको तेवढी दिवाळीतली. तिचं म्हणणं, म्हणूनच या घरात एक माणूस शुद्धीवर आहे.

तसा हा गावाचाच वाढदिवसांचा हंगाम. चैत्र शुद्ध नवमीला काळारामाच्या देवळात दुपारी बाराला रामजन्म. पौर्णिमेला अंजनेरीच्या डोंगरावर हनुमानाचा. ३० एप्रिलला दादासाहेब फाळक्यांचा. ते १८७० साली त्र्यंबकला जन्मले. आई दर वर्षी ऐकवते, "प्रत्यक्ष रामाचं सुंठवड्यावर भागतं. तुम्हाला दीड किलोचा केक लागतो."

लेकीचा दिवस म्हणजे कुसुमाग्रजांचा दिवस. शाळेत ग्रंथदिंडी निघते, मुली नऊवारी नेसतात, लेझीम होतं. दुसरीत जाईपर्यंत तिचा ठाम समज होता की हे सगळं तिच्यासाठी चाललंय. पालखीत पुस्तकं का, एवढंच तिला कळत नव्हतं. बाहुली जास्त शोभली असती. कुसुमाग्रजांचा जन्म १९१२ सालचा आणि पुण्यातला, पण यातली दुसरी गोष्ट आम्ही नाशिककर पाहुण्यांसमोर काढत नाही.

तर लेकीच्या वाढदिवसाला नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं ठरलं. २७ला शाळा होती, म्हणून त्यानंतरचा रविवार. पक्षी पहाटे दिसतात हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून निघायची वेळ साडेपाच. सहाला आई म्हणाली, पुऱ्या आत्ताच तळून घेऊ, रात्रीच्या पुऱ्या वातड होतात. आत्ता तळलेल्या पुऱ्या चाळीस किलोमीटरवर जाऊन तशाच होतात, हे शास्त्र आमच्या स्वयंपाकघराला मान्य नाही. बाबांना पंचांगात मुहूर्त सापडेना. ताईचं कुटुंब सिडकोहून यायचं होतं, ते आलं, पण त्यांचा धाकटा झोपेतच आला आणि त्याला उठवण्यात अर्धा तास गेला. आठ वाजता आम्ही अजून नाशकातच, द्वारकेच्या सिग्नलला होतो. पक्षी तोवर पहिली पाळी संपवून घरी गेले असणार.

पोचल्यावर गावातलाच एक तरुण गाइड मिळाला. भला मुलगा. दुर्बीण मांडून तो सांगू लागला: गोदावरी आणि कादवा इथे भेटतात, खाली इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्याच्यामागे गाळ साचला आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. २०२० साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. बाबा एकदम सावध झाले. "म्हणजे राम पंचवटीहून इकडे आले होते तर."

"नाही आजोबा, रामसर हे इराणमधलं गाव आहे. १९७१ला तिथे पाणथळ जागांसाठी करार झाला."

बाबांनी क्षणभर विचार केला. "तिकडेही गेले असतील. चौदा वर्षं होती."

पाण्यावर काळे पक्षी तरंगत होते, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. गाइड म्हणाला, हे वारकरी. बाबांनी हात जोडले. मग शेकाट्या दिसला, जांभळी पाणकोंबडी दिसली. आईचा डोळा दुर्बिणीला होता आणि तोंड गाइडकडे. "बाळा, आडनाव काय म्हणालास? आई कुठली?" पाच मिनिटांत निष्पन्न झालं की त्याच्या चुलतीचं माहेर म्हाळसाकोऱ्याचं आणि ती आईच्या निफाडच्या मावसबहिणीची नणंद लागते. या शोधाच्या आनंदात आईचा आवाज थोडा चढला आणि समोरचा अख्खा थवा उडाला. गाइडनं काही म्हटलं नाही. नात्यातलाच निघाला होता.

केक अभयारण्यात कापायचा नाही, हे बायकोनं आधीच बजावलं होतं. गेटबाहेर बाभळीखाली सतरंजी पडली. तिथे कळलं की सुरी आणलेली नाही. चमचेही नाहीत. कळशी आली होती, खलबत्ता आला होता (चटणीसाठी), पण सुरी नाही. तेवढ्यात गाइड पाण्याकडे बोट दाखवून हळूच ओरडला, "चमच्या! चमच्या!"

"कुठाय? दे इकडे," आई म्हणाली.

चमच्या म्हणजे पसरट चोचीचा एक पांढरा, देखणा पक्षी. तो चिखलात चोच फिरवत शांतपणे जेवत होता. त्याच्याकडे होता, आमच्याकडे नव्हता.

केक मग डब्याच्या झाकणानं कापला. पण त्याआधी गाणं. गाइडनं विनंती केली, जरा हळू. त्यामुळे आम्ही नऊ माणसांनी वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हटलं. तुम्ही कधी नऊ माणसांना कुजबुजत गाताना ऐकलंय का? कुणाच्या तरी घरात चोरी करायला निघालोय असं वाटतं. गवत वाळलेलं होतं, म्हणून मेणबत्तीही पेटवली नाही. लेकीनं न पेटलेल्या मेणबत्तीवर फुंकर मारली. बाबा प्रसन्न झाले. दिवा विझवून वाढदिवस करणं त्यांना आयुष्यभर अशुभ वाटत आलं आहे. या वर्षी पहिल्यांदाच विझायला काही नव्हतं.

निफाड तालुक्यात जाऊन मामांच्या द्राक्षबागेत न थांबणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. थांबणं म्हणजेही तेच, हे तिथे गेल्यावर कळतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मामा त्या बागेला लेकरासारखे जपत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला आला की ते माणसांकडे बघतच नाहीत, आभाळाकडे बघतात. एक अवकाळी सर आली की मणी तडकतात आणि वर्षाची कमाई बेदाण्याच्या भावात जाते. आणि नेमके याच दिवसांत आमच्यासारख्यांना नाती आठवतात. दोन गाड्या बांधावर थांबल्या तेव्हा मामा म्हणाले, "या. गारपीट चुकली, पाहुणे नाही चुकले."

परदेशी जाणाऱ्या घडांना हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. त्यावरची धूळसुद्धा मोजलेली असते म्हणे. आम्हाला गळालेल्या मण्यांचं एक क्रेट मिळालं. ते घरी येईपर्यंत अर्धं झालं. निघताना मामांनी लेकीच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि पुन्हा वर बघितलं.

ताईच्या वाढदिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मखमलाबादकडच्या रस्त्याला मिसळ खायला गेलो. आता नाशकात मिसळ शेतात खायची असते. झोपाळा असतो, बैलगाडी असते, बाजा टाकलेल्या असतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, वर जिलबी. आमचा नंबर ६४ होता आणि आत ३१ चालू होता. आईनं डब्यातल्या दशम्या काढल्या. नंबर येईपर्यंत सगळ्यांची पोटं भरली होती. भाऊजींनी तरीही तीन वेळा रस्सा घेतला. ताई म्हणाली, वाढदिवस माझा होता ना?

बाबांची गोष्ट निराळी. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची तीच आहे. मास्तर पोराची उंची बघायचे आणि तारीख टाकायचे. पाटबंधारे खात्यातून ते ३१ मेला निवृत्तही झाले, कारण पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी येतो. पण आजी सांगायची, "तू झालास तेव्हा तिवंधा चौकात रहाड उघडली होती. सुईण पिवळीधम्मक होऊन आली." त्यामुळे पेन्शन एक जूनची आणि औक्षण फाल्गुन वद्य पंचमीचं. तिथी दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की उडी मारून पलीकडे जाते. मी बँकेत असून मला हा हिशेब जमलेला नाही. दाखल्याप्रमाणे त्यांना ७५ पूर्ण व्हायला अजून एक वर्ष होतं, आजीप्रमाणे एक वर्ष होऊन गेलं होतं. आम्ही मध्य काढून पंचाहत्तरी ठरवली. घरीच, संध्याकाळी सात वाजता, चाळीस माणसं.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात. रंगासाठी पंचमीपर्यंत थांबायचं. जुन्या नाशकात चौकाचौकांत जमिनीखाली पेशव्यांच्या काळातले हौद आहेत, त्या रहाडी. वर्षभर त्या फळ्या आणि मातीखाली बुजलेल्या असतात, वरून रिक्षा धावतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, उकळलेला रंग ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात धाडकन उडी घ्यायची, तिला धप्पा मारणं म्हणतात. एक धप्पा पुरतो. तो रंग आठवडाभर साबणाला दाद देत नाही.

त्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "जरा तिवंध्यात लांबून बघून येतो. भाऊजींना घेऊन जातो." बायकोनं झुरमुळ्या लावायला घेतल्या होत्या. फुगे फुगवून माझे गाल दुखत होते. आईनं श्रीखंडासाठी केशर खलायला घेतलं होतं. कुणी विशेष लक्ष दिलं नाही.

सहाला दार उघडलं. दारात बाबा उभे होते. डोक्यापासून पायताणापर्यंत पिवळे.

"मी धप्पा मारला नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यानं मारला, तो मला बसला."

आम्ही विश्वास ठेवलाही असता. वयाचा मान असतो. पण भाऊजींनी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिला रबर लावलेलं होतं, आणि आत बाबांचं घड्याळ, चष्मा आणि कवळी व्यवस्थित कोरडी होती. लांबून बघणारा माणूस कवळी काढून ठेवत नाही. आई काही बोलली नाही. नुसती त्या पिशवीकडे बघत राहिली. ती पिशवी तिच्या पोळ्यांच्या डब्यातली होती, म्हणजे बेत सकाळीच शिजला होता.

चाळीस माणसं आली. पंचाहत्तर दिव्यांच्या उजेडात बाबा ताम्हनातल्या नैवेद्यासारखे दिसत होते. ज्यांनी वाकून नमस्कार केला त्यांच्या हाताला रंग लागला. त्यांनी तो सोफ्याला पुसला. आतेबहिणीनं विचारलं, कावीळ आहे का? त्या दिवशीचे सगळे फोटो असे पिवळे आहेत. आम्ही त्यातलाच एक फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, दुसरा इलाज नव्हता. केक कापायला सुरी सापडेना. नांदूरमध्यमेश्वरचा धडा घेऊन ती बायकोनं डिकीत कायमची ठेवून दिली होती, आणि गाडी आतेभावाला आणायला स्टेशनवर गेली होती. पूर्ण स्वयंपाकघर हाताशी असताना केक उलथन्यानं कापला.

राहिलो मी. ३१ मार्चला जन्मलेल्या माणसानं बँकेत नोकरी धरू नये. गेली एकवीस वर्षं माझा वाढदिवस वर्षअखेरीच्या हिशेबात जमा होतो. घरी पोचेपर्यंत तारीख बदललेली असते, आणि १ एप्रिलला कुणाला वाढदिवस सांगितला तर तो हसतो.

यंदा रात्री साडेनऊला वॉचमन वर आला. "साहेब, खाली तुमचं घर आलंय."

गाडी माझ्याकडे होती, म्हणून दोन रिक्षा करून आले होते. बँकेच्या पायऱ्यांवर सतरंजी पसरली होती. घरात दुसरी सतरंजी आहे हे मला त्या रात्री कळलं. डबे उघडले होते, वरच्या पायरीवर केक होता, वाऱ्यानं निरांजन टिकेना म्हणून बाबा शबनम पिशवीचा आडोसा धरून उभे होते. त्यांच्या कानामागे अजून पिवळं होतं. आई वॉचमनला विचारत होती, "चांदवडचे का? मग आमच्या धाकट्या जावेचं..." आमचे मॅनेजर खाली आले आणि मुकाट्यानं पुरी-भाजी खायला बसले. लेकीनं बजावलं, गाणं हळू म्हणायचं, आत पैसे झोपलेत.

केक कापायला वरून लाकडी रूळ आणला. जुन्या लेजरात रेघा मारायचा. केक कापला गेला नाही, दाबला गेला.

हिशेब एक वाजून दहा मिनिटांनी जुळला. घरी येऊन सामान ठेवायला डिकी उघडली, तर सुरी तिथेच होती.