तारेवरची कसरत

पेटीतला आंबा हुंगल्याशिवाय, साडीचा काठ उन्हात धरून बघितल्याशिवाय आणि फ्लॅटच्या कार्पेट एरियाला स्वतः टेप लावल्याशिवाय मी पैसे काढत नाही. अपवाद एकच. ब्रा घ्यायची झाली की माझ्यातली चोखंदळ पुणेकरीण दुकानाबाहेरच थांबते. आत जाते ती वेगळीच बाई. ती इकडेतिकडे बघत '३६ बी' एवढंच पुटपुटते, समोर येईल तो डबा पिशवीत कोंबते आणि उरलेले पैसे न मोजता सटकते.

या सटकण्याची फळं मी हिंजवडीत भोगत होते. दिवसभर खुर्ची, त्याआधी आणि त्यानंतर वाकडचं ट्रॅफिक, आणि या सगळ्यात छातीखाली एक तार. ही अर्धगोल तार कापडी नळीत बसवलेली असते आणि मशीनमध्ये धुऊन धुऊन एक दिवस नळीच्या टोकाला भोक पाडून बाहेर डोकावते. माझ्या तारेने मुहूर्त साधला तो क्लायंटसमोर तिमाहीचे आकडे मांडताना. उजव्या हाताने मी चढता आलेख दाखवत होते आणि डावा कोपर बरगडीशी दाबून धरला होता. साहेबांनी काळजीने विचारलं, ''काय होतंय?'' म्हटलं, ''ॲसिडिटी.'' संध्याकाळपर्यंत टेबलावर जिरं, ओवा आणि कोकम सरबत जमा झालं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बिनतारेची घ्यायची ठरवून तुळशीबाग गाठली. पेशवाईतल्या राममंदिराभोवतीच्या या बाजारात बांगडीपासून झाऱ्यापर्यंत काहीही मिळतं, मग ही का मिळू नये? मिळाली. ''होजिअरी आहे ताई, एकदम मऊ,'' विक्रेता म्हणाला. मऊ होतीच. पण तिच्या मधोमध आडवी जाड शिवण होती आणि ती ऑफिसच्या पांढऱ्या शर्टातून लांबूनही वाचता येत होती. भर मे महिन्यात मी दिवसभर गळ्यात स्टोल घेऊन बसले. पुन्हा ॲसिडिटी म्हणायची सोय नव्हती, म्हणून एसी सोसत नाही म्हटलं.

मग स्पोर्ट्स ब्रा आणली. तार नाही, शिवण नाही, हूकही नाही. घातल्यावर श्वासही फारसा नाही. रात्री घामेजल्या अंगावरून काढायला गेले, तर ती खांद्यांपर्यंत येऊन जी अडकली ती अडकलीच. दोन्ही हात वर, तोंड आत, डोळ्यांपुढे अंधार. नवऱ्याला हाक मारावी, तर हॉलमध्ये सासूबाईंकडे भिशीच्या मैत्रिणी बसलेल्या. शेवटी कपाटाच्या मुठीत पट्टा अडकवून स्वतःची सुटका केली. मूठ हातात आली.

१९१४ साली अमेरिकेत ब्राचं पेटंट घेणाऱ्या मेरी फेल्प्स जेकबची तक्रार तरी काय वेगळी होती? कॉर्सेटमधल्या 'व्हेलबोन'च्या पट्ट्या तिच्या तलम झग्यातून डोकावत होत्या, म्हणून तिने दोन रेशमी रुमाल आणि रिबिनी जोडल्या. तार नावालाही नव्हती. पुढे कुणीतरी हाड काढलेल्या जागी लोखंड बसवलं आणि आपण त्याला प्रगती म्हटलं.

अखेर लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात काउंटरवर मुलगी दिसली. तिच्या गळ्यात चक्क टेप होती. तिने छातीखालचा घेर मोजला, ३४. उभारावरून मोजला, ३७. फरक ३ इंच, म्हणजे सी. ''तुमचा साइज ३४ सी, मॅडम.'' ३६ बी आणि ३४ सी यांचा कप सारखाच; म्हणजे माझा कप मापाचाच होता, पण पट्टा सैल. वजन खरं तर खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं. तो सैल, म्हणून मी खांद्यावरचे पट्टे आवळत होते आणि खांद्यांवर वळ घेऊन फिरत होते. तिने रुंद पट्ट्याची, बिनशिवणीच्या कपाची आणि पांढरी नव्हे तर अंगाच्या रंगाची ब्रा काढली. ''पांढऱ्याखाली पांढरी जास्त दिसते. हूक सगळ्यात बाहेरच्या घरात लावा, इलॅस्टिक सैल पडलं की आतल्या घरात. आता हात वर करा, खाली बसा. पट्टा जागचा हलला नाही ना?'' मी ट्रायल रूममध्ये सूर्यनमस्कार घातले. हलला नाही.

महिनाभर सुखात गेला. या वेळी खालचा आवाज वर करून, चारचौघांत, त्याच दुकानात त्याच ब्रा अर्धा डझन मागितल्या. मुलगी रजेवर होती. गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं.

''तो माल ठेवणं बंद केलं.''

''का हो? चांगला होता की!''

''चांगला होता ना. बायका सारख्या तोच मागायला लागल्या.''