आयुक्तांनी मांडलं, प्रशासकांनी मंजूर केलं

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर राजकारण कधी झोपत नाही. आनंदाश्रम या पक्षकार्यालयाच्या दारात गाड्या लागलेल्या असतात, नवरात्रात देवीच्या दर्शनाला पुढाऱ्यांची रीघ लागते, आणि महापालिकेत कुणाचं काय अडलंय हे चहाच्या टपरीवरही ठाऊक असतं. अशा या शहराला मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत एकही नगरसेवक नव्हता. फ्लेक्सवर होते, नावामागे ‘माजी’ बारीक अक्षरात घालून. पाचपाखाडीच्या सभागृहातल्या १३१ खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या.

नगरसेवकांची महासभा ही ठाण्याची विधानसभाच. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती अठरा लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांचा कर, पाणी, रस्ते, आरक्षित भूखंड यांचा निर्णय तिथं होतो. राज्यघटनेने १९९३ पासून तिला पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्या, असं स्वच्छ लिहिलं आहे. आपण काय केलं? ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभाग तीन सदस्यांचा की चारचा, मग तारखेवर तारीख. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत तर नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. तिथं अख्खी पाच वर्षं प्रतिनिधींविना गेली. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं, तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

या काळात कारभार कसा चालला? एरवी प्रशासन गोषवारा पाठवतं, स्थायी समितीचे सोळा सदस्य खर्चावर बोट ठेवतात, महासभेत सूचक लागतो, अनुमोदक लागतो, कुणीतरी उठून ‘हा विषय तहकूब ठेवा’ म्हणतं. प्रशासक राजवटीत आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव त्यांचा, मंजुरीही त्यांचीच. मधल्या काळात तीन आयुक्त झाले आणि हजारो कोटींचे अर्थसंकल्प एकाच टेबलावर मांडून तिथंच मंजूर झाले. माणसं कशी होती हा मुद्दाच नाही. एकाच माणसाने मागायचं आणि त्यानेच द्यायचं, ही रीत वाईट आहे.

जुनी महासभा धुतल्या तांदळासारखी होती असं मी मुळीच म्हणत नाही. ‘पाच-दोन-दोन’ हे आकडे पालिकेच्या आवारात कुणालाही विचारा. निविदा न काढता काम देण्याची ती तरतूद अपवादासाठी होती, ती नित्याची करून टाकणाऱ्यांत नगरसेवकही होते. विषयपत्रिका न वाचताच ‘मंजूर, मंजूर’ ओरडणारेही आपण पाहिलेत. पण ते गैर होतं हे आपल्याला कळलं, कारण त्याच सभागृहात कुणीतरी उभं राहून ओरडत होतं.

ऑगस्ट २०२३ आठवा. पालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. टेंभी नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय त्याच वर्षी नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं आणि कळव्यावरचा भार वाढला होता. सरकारने चौकशी समिती नेमली. पण ज्या महापालिकेचं ते रुग्णालय, तिच्यात ‘अतिदक्षता विभागात खाटा किती, डॉक्टर किती होते?’ असं विचारून उत्तर नोंदवून घेणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. नातेवाइकांना दाद मागायला वॉर्डातला जो माणूस असतो, तो इथं अधिकारानिशी उरलाच नव्हता. मला या चार वर्षांतलं सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

साताऱ्याकडच्या औंध संस्थानात एकाच हाती कारभार एकवटण्याच्या नेमकं उलट घडलं होतं. बहात्तर गावांचं ते चिमुकलं राज्य. गांधीजींच्या सल्ल्याने राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना जाहीर केली आणि कारभार प्रजेच्या हाती दिला. गावात निवडून आलेली पंचायत, तिच्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. पिढीजात गादीवरच्या राजाने आपल्या हयातीत तिजोरीच्या किल्ल्या सोडल्या. प्रजासत्ताकातल्या आपल्या शहराने त्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवल्या आणि जवळपास चार वर्षं तिथंच राहू दिल्या.

आता सभागृह भरलं आहे. त्यातले काहीजण मताला सामोरे न जाता बिनविरोध आले; कल्याण-डोंबिवलीत तर असे बरेच. त्यांच्या जागेसाठी मतदाराला मत द्यायची संधीच मिळाली नाही, तेव्हा प्रश्न विचारायची जबाबदारी त्यांच्यावर दुप्पट आहे.

नव्या महासभेने सत्कार, शाली आणि श्रीफळं लवकर आटपावीत. मार्च २०२२ पासून प्रशासकांनी केलेल्या ठरावांची यादी विषयवार, रकमेसह पटलावर मागवावी आणि ती ठाणेकरांना वाचायला खुली करावी. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात येऊन पंधरा वर्षं उलटली. ती नौपाड्यात, कळव्यात, दिव्यात भरवून दाखवावी. कळव्याच्या चौकशीचा अहवाल सभागृहात मांडायला लावावा आणि त्यावर दिवसभर चर्चा लावावी, पत्रकार आणि त्या अठरा घरांतली माणसं प्रेक्षक कक्षात बसलेली असताना.