अण्णांचा लाकडी पेला

— काकू, अण्णांच्या खिडकीत रोज लाकडी पेला दिसतो हो.

— बिबळ्याचा आहे. रात्री पाणी भरायचं, सकाळी ते तपकिरी झालं की अनशापोटी प्यायचं. शुगर पळते म्हणे.

— पळते का?

— पेल्याचा रंग पळतो. पाणी पांढरं यायला लागलं की नवा पेला! आमच्या ह्यांना बेडकीचा पाला दिला होता कुणीतरी, गुडमार गं. चार पानं चावून पेढा तोंडात टाकला, तर म्हणे माती लागते. जिभेला गोडच कळेना. अर्ध्या तासानं कळायला लागलं, मग मागचीही भरपाई केली.

— अगंबाई! पण अण्णांना परवा पहाटे रिक्षातून नेलं, ते कशानं?

— तुला कळलं नाही? अंगाला दरदरून घाम, हात थरथर. शुगर सत्तरच्या खाली. ग्लिमेपिराइडची गोळी चालू, त्यावर रोज कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड. त्यात रात्री उपास! डॉक्टरांना पेला, रस, पूड यांतलं काहीच सांगितलं नव्हतं. ‘झाडपाला काय सांगायचा’ म्हणे.

— झाडपाल्यानं होतं असं?

— का नाही होणार? आमचा भाचा औषधशास्त्र शिकलाय ना, तो म्हणतो, मेटफॉर्मिनचा मागही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडापर्यंत जातो. त्यातलं मूळ द्रव्य माणसाला झेपेना. मेटफॉर्मिन 1922 साली प्रयोगशाळेत तयार झालं, आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मधुमेहींना देऊन पाहिल्याचं छापून आलं ते 1957 मध्ये. तेही मापून. अण्णांच्या पेल्याला कसलं आलंय माप?

— पण काकू, स्टँडवर तो पुडीवाला बसतो, ‘मधुमेह मुळापासून बंद’ अशी पाटी लावून...

— तशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. आणि पुडीनं आठवड्यात साखर धाडकन उतरली ना, तर मला उलट भीतीच वाटते. अशा काही पुड्यांत डॉक्टरी गोळ्याच वाटून घातलेल्या सापडल्यात.

— बाई बाई! आणि माझ्या सासूबाई रोज मेथ्या भिजवून खातात.

— खाऊ देत की! डॉक्टरांच्या कानावर घाल, तीन महिन्यांची एचबीएवनसी करून घे, आणि गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. बरं, वेलाला कारली लागलीत, देऊ का चार?

— द्या ना! रस काढू?

— रस कसला? भाजी कर, चिंचगूळ घालून.

— गूळ?

— मग! गुळाशिवाय तुझ्या सासूबाई कारल्याला हात तरी लावतील का?