गच्चीवरचा पाहुणा

शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर हिरवा इग्वाना आला तेव्हा तो वीतभर होता आणि पिंजरा हातभर. "फार काही लागत नाही हो, थोडा पाला टाका," असं दुकानदार म्हणाला होता. पाला तो खातोच. फक्त काही वर्षांत शेपटीसकट पाच फूट होतो, एवढं सांगायचं राहून गेलं. आता पिंजरा खोलीएवढा, आणि मालकांची खोली पिंजऱ्याएवढी.

"मोकळ्यावर ठेवलाय, अगदी नैसर्गिक!" शेजारी कौतुकाने सांगतात. ऊन हवंच. अतिनील किरण मिळाले नाहीत तर त्याची हाडं ठिसूळ होतात आणि काचेआडून आलेलं ऊन कामाचं नाही. पण पुण्याचा जानेवारी काही मध्य अमेरिकेला विचारून येत नाही. पहाटे स्वारी फांदीवर लाकडासारखी ताठ. २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडात गारठलेले इग्वाना झाडांवरून पडतील, असा इशारा खुद्द हवामान खात्याने दिला होता! म्हणून इथे रात्रभर पिंजऱ्यात हीटर. वहिनी गोधडीत.

आपली गावठी घोरपड पाळलीत, तर १९७२ चा वन्यजीव कायदा थेट तुरुंग दाखवतो. परदेशी पाहुण्याला मात्र रीतसर नोंदणी केली की मानाचं पान.

परवा शेजाऱ्यांनी माझ्या हातात जास्वंदीचं फूल दिलं. "भरवा." मी जाळीजवळ गेलो. त्याने गळ्याची झालर फुगवून जोरजोरात मान हलवली.

"ओळखलं वाटतं मला," मी म्हणालो.

"छे," वहिनी जिन्यातून म्हणाल्या, "हुसकावतोय तुम्हाला. आम्हालाही रोज तेच करतो."