पेनड्राइव्हचं पारायण

एस्पो, फिनलंड
7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


लाडवांचा डबा पोचला. वरचा थर फुटला होता, तो मी संपवला. खालचा शाबूत होता, तो तुमच्या नातीने लपवलाय.

बाबा, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "मी घेतलेला लॅपटॉप आहे का, की घातलास भंगारात?" आहे. 2009 साली मी हॉस्टेलवर जाताना सांगलीत घेतलेला, दहा इंची, पाटीएवढा. खोक्यातून दोन डीव्हीडी निघाल्या आणि डीव्हीडी घालायची सोय मात्र लॅपटॉपला कुठेच नव्हती. तेव्हा तुम्ही दुकानदाराला तोंडावर म्हणाला होतात, "चणे आहेत तर दात नाहीत!" त्याने एक पिशवी फुकट देऊन विषय मिटवला होता.

काल इथला स्वातंत्र्यदिन. सुट्टी. सव्वातीनलाच सूर्यास्त, खिडक्याखिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या. नात म्हणाली, मला आजोबांना मराठीत पत्र टाइप करायचंय, पण माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. म्हणून तळघरातल्या कोठीतून तो लॅपटॉप, आपला धाकटा, वर आणला. आत अजून विंडोज एक्सपी. तिची देखभाल 2014 च्या एप्रिलमध्येच थांबली. हल्लीच्या बहुतेक वेबसाइटी तिला दारात उभं करत नाहीत. आणि 1 जीबी मेमरीत आजचं विंडोज कोंबायचं म्हणजे रिक्षात वऱ्हाड बसवायचं. तेव्हा लिनक्स घालायचं ठरलं. ते तर इथलंच पीक. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने लिहायला घेतलं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे, त्यामुळे नाक मुरडू नका.

डीव्हीडी नाही तर पेनड्राइव्ह. वास्तुशांतीच्या फोटोंचा होता, तो रिकामा केला (आई, फोटो आधी दुसरीकडे ठेवलेत). डेबियन नावाचं लिनक्स उतरवलं, ती फाइल पेनड्राइव्हवर टाकली आणि बसलो वाट बघत. काही नाही. सूनबाई चहा घेऊन आली, म्हणाली, "पोथी कपाटात ठेवली म्हणजे पारायण होतं का?" बरोबर होतं तिचं. फाइल नुसती ठेवून भागत नाही. लॅपटॉपला थेट तिथून सुरू होता येईल अशी ती पेनड्राइव्हवर उतरवावी लागते आणि त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. तो मला ठाऊक होता. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला लॅपटॉप पेनड्राइव्हकडे बघेचना, सरळ एक्सपीत शिरे. चालू केल्याकेल्या पहिल्या दोनेक सेकंदांत एस्केपची कळ टकटक दाबत राहायची, मग तो विचारतो, कुठून सुरू होऊ? आपली जुनी स्कूटर आठवते ना? आधी कलती करायची, मग चोक, मग नेमकी किक. हातात बसायला तेवढाच वेळ लागला, फक्त इथे शेजारी बघायला जमले नाहीत.

यादी आली, पेनड्राइव्ह निवडला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. सारांश असा, की हे तुमच्या प्रोसेसरला झेपणारं नाही. मी उतरवलं होतं 64 बिटांचं. आपला धाकटा 32 बिटांचा. डेबियनच्या ताज्या तेराव्या आवृत्तीत त्याच्या जातीच्यांसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून बारावी शोधून काढली. तिचं नाव बुकवर्म. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, हे कळल्यावर नात जी मांडीवर येऊन बसली ती उठली नाही.

या वेळी लागलं. पहिलाच प्रश्न भाषेचा, आणि यादीत मराठी! छाती फुगवून निवडली. पुढचे सगळे प्रश्न इतक्या शुद्ध मराठीत आले की सूनबाई म्हणाली, "हे जरा इंग्रजीत सांग."

मग त्याने विचारलं, सगळी डिस्क पुसू का? पुसण्यापूर्वी जुनं काय आहे ते बघावं म्हणून पुन्हा एक्सपीत गेलो. तिथे 2010 ची 'हिशोब' नावाची फाइल सापडली. 'संदर्भग्रंथ, 850 रुपये.' बाबा, तो ग्रंथ म्हणजे चौघांचा सिनेमा आणि वर मिसळ. असे ग्रंथ त्या वर्षी मी एकूण सात वाचले. तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलं होतंत, "अभ्यास चांगला चाललेला दिसतो." मी ती फाइल दोनदा वाचली आणि पुसायला हो म्हटलं. आता पुरावा नाही, हे पत्र सोडून.

रात्री साडेअकराला धाकटा उभा राहिला. पडदा एवढा बुटका की सेटिंगच्या खिडकीतलं खालचं बटण दिसतच नाही. ऑल्टची कळ दाबून अख्खी खिडकी वर ओढावी लागते, बादलीने पाणी शेंदल्यासारखी. नातीला ते फार आवडलंय. मराठी कळफलकावर 'आजोबा' टाइप करायला तिला चार मिनिटं लागली. सोबत तिचं पत्र आहे. तीन ओळींचं आहे, पण वाचताना घाई करू नका.

तुमचा,
बाळ्या

ता. क. त्या दोन डीव्हीडी आईने कबुतरं हाकायला गॅलरीत टांगल्या होत्या, त्या शोधत बसू नका. तशाच असू द्या.