ता. क. आधी

संस्था लिहायला बसली की तिचा आवाज बसतो. एरवी तिथली माणसं किती गोड बोलतात! आमच्या वाचनालयाचे कार्यवाह दारात भेटले की आधी चहाचं विचारतात, ग्रंथपालबाईंना कुठल्या वाचकाला कुठलं पुस्तक हमखास झोप आणतं ते पाठ आहे, आणि कोषाध्यक्षांपाशी पैसे बेताचे असले तरी गावातल्या चार पिढ्यांच्या गोष्टी शिलकीत आहेत. पण हीच मंडळी संस्थेच्या वतीने कागदावर उतरली की ‘आम्ही केलं’ म्हणायला कोणी धजत नाही. सगळं आपोआप ‘करण्यात येतं’. दीपप्रज्वलन करण्यात येतं, स्वागत करण्यात येतं, आणि पोह्यांचा वास दरवळू लागला की कार्यक्रमाची सांगताही करण्यात येते.

वाचनालयाचं संकेतस्थळ झालं, त्यावर अधूनमधून लेख असावेत असं ठरलं आणि ते नीटनेटके करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मजकूर आला तो एका व्याख्यानाचा. विषय जुन्या विहिरी. शीर्षक होतं, ‘वाचनालयाच्या वतीने आयोजित व्याख्यानमालेचे द्वितीय पुष्प उत्साहात संपन्न’. खाली दिवस, वेळ, सभागृह. मग व्यासपीठावरचे, मग समोरच्या रांगेतले, मग ‘आदी मान्यवर’, म्हणजे ज्यांची नावं ऐन वेळी आठवली नाहीत ते. प्रास्ताविक कोणी केलं, परिचय कोणी करून दिला, शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते, सगळं चोख. आणि व्याख्यानाबद्दल एकच वाक्य: ‘वक्त्यांनी विषयाचा सखोल ऊहापोह केला.’ विहिरींवरच्या त्या मजकुरात पाण्याचा थेंब नव्हता. खोली तेवढी होती, ‘सखोल’मध्ये.

त्या संध्याकाळी मी मागच्या खुर्चीवर होतो. वक्त्यांनी साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपासून सुरुवात केली होती. धावेच्या उतारावरून बैल पुढे जात तेव्हा भरलेली मोट वर येई, थारोळ्यात पाणी ओते आणि ते पाटाने रानात पळे. मग बैलांना उलट्या पावली मागे आणावं लागे, खरं कसब त्यातच, असं ते सांगत होते. तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी नकळत दोन्ही मुठी आवळून हवेतला कासरा मागे ओढला. ओढल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात हळूच मांडीवर ठेवले. वृत्तांतात ना मोट होती, ना आजोबांच्या मुठी. ते आजोबा ‘आदी’मध्येही बसत नव्हते.

पडद्यावरच्या वाचनाचा अभ्यास करणारे लोक काही फार आशावादी नसतात. जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये सांगितलं की त्यांच्या पाहणीतले ७९ टक्के लोक पानावरून नुसती नजर फिरवत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के. पुढे २००६ मध्ये त्यांनी नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने पाहिलं, तर ही नजर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरत होती: पहिल्या ओळीवर आडवी, थोडं खाली पुन्हा आडवी पण आखूड, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली. हे वाचून मी आमचा वृत्तांत डाव्या कडेने वाचून पाहिला. मा. श्री., मा. श्री., सौ., मा. श्री., प्रा., मा. श्री. घसरत खाली येणाऱ्या त्या बिचाऱ्या नजरेला एकाही माणसाचं नाव लागत नव्हतं, नुसता मानच मान.

म्हणून जाणकार सांगतात की मुख्य गोष्ट आधी सांगा. परिच्छेद लहान ठेवा, एकात एकच मुद्दा असू द्या. मधली उपशीर्षकं अशी घाला की नुसती तीच वाचली तरी लेख हाती यावा. ठळक अक्षरं जपून वापरा. देवनागरीत तर जोडाक्षरं जाड केली की त्यांचे अवयव एकमेकांत बुडतात. सांगायला हे सोपं आहे, पण आपल्या हाडात मुरलेल्या सवयी याच्या अगदी उलट्या. वाचनालयाच्या कपाटात काही मोडी कागद आहेत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, लेखणी शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हांचं नाव नाही. वाचणाऱ्याला ‘इथे थांब’ असं कोणी सांगत नसे. दम लागला की तो थांबे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली, तेव्हा कुठे आपण कागदावर श्वास घ्यायला लागलो. तरी संस्थेचा वृत्तांत अजून मोडीतच श्वास रोखून असतो.

आणि मुख्य गोष्ट आधी? माझी आत्या पोस्टकार्ड लिहायची. ‘सा. न. वि. वि.’पासून सुरुवात करून ती सगळ्यांची खुशाली विचारायची, पावसाचं सांगायची, म्हशीचं सांगायची. कार्ड भरत आलं की अक्षरं बारीक होत जायची, मग कडेकडेने चढायची, आणि पत्त्याच्या बाजूला उरलेल्या चिंचोळ्या जागेत ‘ता. क.’ लिहून ती खरी बातमी द्यायची: धाकटीचं लग्न ठरलं, यावे. आम्ही कार्ड चारी बाजूंनी फिरवून ते वाचायचो. आत्याला खात्री होती की आम्ही फिरवू. ज्याच्या मायेची इतकी खात्री आहे त्याला लिहिताना कुठली आलीत उपशीर्षकं! संस्थेचा वाचक मात्र कोणाचा भाचा नसतो. तो बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असतो, दुसऱ्या हातात फोन. तो फोन फिरवेलही, पण फोन असा हुशार की फिरवला की अक्षरं आपणहून सरळ होतात. अनोळखी माणसाला लिहायचं तर आत्याचा ता. क. आधी घ्यावा लागतो. ती माया खात्रीची नसते, पण मायाच असते. तिला सुबकपणा म्हणतात एवढंच.

सगळ्यात गंमत आली ती छायाचित्राच्या वेळी. अंध वाचकांचा फोन पान वाचून दाखवतो, तेव्हा चित्राच्या जागी काय बोलायचं ते आपण आधी लिहून ठेवायचं असतं. कार्यवाहांनी झटकन सांगितलं, ‘मान्यवर दीपप्रज्वलन करताना.’ मी म्हटलं, ‘अण्णा, ज्याला दिसत नाही त्याला सांगा, यात काय दिसतंय?’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, ‘पंखा बंद केलाय, त्यामुळे सगळ्यांना घाम आलाय. अध्यक्षांच्या हातात मेणबत्ती आहे. वात पेटत नाहीये. कोषाध्यक्षांनी ज्योतीला हाताचा आडोसा केलाय. आणि कडेला ग्रंथपालबाई, अर्ध्याच आल्यात, पण हसतायत.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘इतकी वर्षं असले फोटो काढतोय, पण हा आज पाहिला.’ आम्ही तेच लिहिलं. डोळसांनी वाचावं असं त्या लेखातलं हे सर्वांत चांगलं वाक्य, आणि ते त्यांना दिसत नाही.

शीर्षकासाठी कार्यकारिणी बसली. मी सुचवलं होतं, ‘आपल्या गावातल्या विहिरींचं काय झालं?’ एका सदस्यांचं म्हणणं, शीर्षकात प्रश्न घातला तर संस्थेला उत्तर माहीत नाही असं वाटेल. दुसरे म्हणाले, १८९७ मध्ये ‘केसरी’ने थेट सरकारच्या डोक्याविषयी प्रश्न केला होता, आपण तर विहिरीविषयी विचारतोय. त्यावर, त्याच वर्षी टिळकांना शिक्षाही झाली होती, याची आठवण कोषाध्यक्षांनी नम्रपणे करून दिली. शेवटी प्रश्न राहिला आणि नावांवर गाडी आली. नावं शेवटी घ्यायची म्हटल्यावर खोलीत शांतता पसरली. मला आधी हसू आलं, मग समजलं. लहान गावात नावांची यादी ही पंगत असते. ज्याचं पान मांडायचं राहिलं तो दुसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला यायचा बंद होतो. शिवाय यातल्या कित्येकांचं नाव छापून येण्याची ही एकच जागा. म्हणून एकही नाव गाळलं नाही. शेवटी वेगळं उपशीर्षक देऊन सगळे ओळीने बसवले, त्यात मोटेच्या आजोबांनाही.

अडलं ते अध्यक्षांपाशी. त्यांचं नाव पहिल्या परिच्छेदात यायलाच हवं, असा सगळ्यांचा आग्रह. ते स्वतः गप्प होते. मी विचारलं, ‘नाना, तुमचा गावातल्या एखाद्या विहिरीशी काही संबंध?’ ते म्हणाले, ‘संबंध कसला, चिंचेखालच्या विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून काकांनी वरून ढकललं होतं.’ सगळी कार्यकारिणी हसली, आणि पहिला परिच्छेद तिथेच झाला. लेख आता पाठीला डबा बांधून काठावर उभ्या असलेल्या एका पोराने सुरू होतो. कार्यवाहांनी सवयीने नावाआधी ‘मा.’ लिहिला, तेव्हा नानांनीच त्यांचा हात धरला. म्हणाले, ‘राहू दे रे. डबा बांधून उडी मारणाऱ्याला कोणी माननीय म्हणत नाही.’